झऱ्यावरचा फैसला

आमचं गाव इस्लापूरच्या वरच्या डोंगरात. निजामाचा तहसीलदार साल-दोन सालांत एकदा घोड्यावरून यायचा अन् आल्या पावली परत फिरायचा. गाव आमचं आम्हीच चालवायचो, आणि त्याचा केवढा माज होता आम्हाला! पारावर पाच पंच बसायचे. फैसला मात्र सगळ्यात धाकट्या पंचानं बोलायचा, थोरल्यांच्या तोंडाकडं बघून कुणी बोलू नये म्हणून. त्या साली धाकटा पंच मी होतो.

होळीनंतर वरच्या झऱ्यावर जनावर न्यायचं नाही, ते पाणी माणसांचं, हा गावाचा कायदा. तो मीच मोडला. माझा बैल आजारी, खालच्या डबक्याला तोंड लावेना. भर दुपारी गुपचूप वर नेला, तर बेट्यानं आत उतरून सगळा झरा गढूळ केला.

कसूर कबूल केली तर एक दिवस झऱ्यातला गाळ काढायचा, बस्स. लपवली तर विस्तव बंद: चूल विझवायची, अन् कबूल करेपर्यंत कुणी इंगळ द्यायचा नाही. काडेपेटी कुणाकडं होती तेव्हा? शेजारचा इंगळ आणल्याशिवाय चूल पेटायची नाही.

शेळ्या राखणारी एक विधवा म्हातारी त्या दुपारी तिकडं दिसली होती. आम्ही तिला काकू म्हणायचो. पंचांनी विचारलं, ती नाही म्हणाली. कुणाला पटलं नाही. मग चौघांनी माझ्याकडं बघितलं. पंच होऊन महिना झाला नव्हता, आता खरं सांगितलं तर इज्जत जाईल, एवढंच माझ्या टाळक्यात.

"काकूचा विस्तव बंद," मी बोललो. मेला आवाजसुद्धा कापला नाही.

तीन दिवस तिच्या घरातून धूर निघाला नाही. चौथ्या दिवशी तिनं कसूर कबूल केली म्हणून कळलं. घागर घेऊन झऱ्यावर गेलो तर काकू एकटीच गुडघाभर गाळात. पाणी उपसलेलं, तळाच्या चिखलात एका बाजूनं तुटलेल्या खुराचा ठसा. माझाच बैल. अख्खं गाव तो खूर ओळखायचं.

"हे बुजवून टाकते बाबा," ती म्हणाली. "पंचच खोटा निघाला तर गावानं कुणाकडं बघावं?"

पारावर जाऊन ओरडून सांगायला हवं होतं. मी रिकामी घागर घेऊन घरी आलो. थू माझ्यावर.

फैसला बोलणाऱ्याच्या चुलीतूनच पहिला इंगळ परत द्यायचा, अशी रीत. सांजेला काकू खापर घेऊन आली. बायकोनं इंगळ घातला. काकूनं माझ्या लेकरांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गेली. मी दाराआड उभा होतो.