पाळकसाहेबांना घरापर्यंत सोडताना

सुनंदाला माती देऊन चार-पाच दिवस झाले होते. बोईसरची आमची भाड्याची खोली, ऐंशीच्या दशकातली गोष्ट. संध्याकाळी आमच्या चर्चचे धर्मगुरू, पाळकसाहेब, रोजच्यासारखे आले आणि चटईवर बसले...

सुनंदा माझी पत्नी. कावीळ झाली आणि बघता बघता गेली. मूलबाळ नाही, नातेवाईक सगळे नगरकडे. मी तारापूरच्या एका कारखान्यात नोकरीला होतो. जवळची माणसं म्हणजे आमची मंडळी, चर्चमधली थोडी घरं. कुणी कारखान्यातले, काही कुटुंबं उमरोळीच्या बाजूच्या पाड्यांवरची.

पाळकसाहेब एक स्तोत्र वाचायचे, छोटी प्रार्थना करायचे आणि मग नुसते बसून राहायचे. मला बोलायला जमत नाही हे त्यांना माहीत होतं. त्यांच्या त्या गप्प बसण्याचा मला फार आधार वाटायचा.

त्या दिवशी मात्र ते उठेचनात. दिवेलागण झाली, तरी तसेच बसलेले... इतक्यात त्यांच्या पत्नी दारात आल्या. आम्ही सगळे त्यांना बाई म्हणायचो.

"सलाम भाऊ. यांना आता घरी पाठवता का?" बाई म्हणाल्या. "आमच्याही घरातलं माणूस गेलंय हो."

मला आधी काही कळलंच नाही. मी साहेबांकडे बघितलं. ते मान खाली घालून चटईची काडी उपसत होते.

"कोण गेलं, बाई?"

"सासूबाई. तुमच्या सुनंदा गेल्या, त्याच दिवशी."

मग बाईंनी दारातूनच सगळं सांगितलं. त्या दिवशी सकाळी किराणा दुकानात गावाहून ट्रंक कॉल आला होता. साहेबांचा भाऊ आईची माती थांबवून संध्याकाळपर्यंत त्यांची वाट बघत होता... आणि साहेब गेले नाहीत. कारण दुपारी इथे सुनंदाची माती होती आणि जवळपास दुसरे पाळक नव्हते.

मला ती दुपार आठवली. कबरीपाशी प्रार्थना करताना ते मध्येच थांबले होते, चष्मा काढून पुसला होता. सुनंदाबद्दल त्यांना किती वाटतं, असं मला तेव्हा वाटलं होतं.

आणि त्या रात्रीचा पिठलं-भाकरीचा डबा... तो बाईंच्या हातचा होता. आमच्यात ज्या घरी माती होते त्या घरी इतरांनी डबे न्यायचे, चूल पेटू द्यायची नाही. त्या दिवशी बाईंनी स्वतःची चूल पेटवून माझ्यासाठी भाकरी थापली होती. त्यांच्या घरी डबा कुणी नेला नाही. कुणाला माहीतच नव्हतं.

"चर्चच्या कमिटीला तरी सांगायचं होतं साहेब," मी म्हटलं.

ते थोडंसं हसले. "मागे आठ दिवस गावी गेलो होतो, तेव्हा काय ऐकलं ते आठवतंय ना?"

आठवत होतं. पंच कमिटीचे सेक्रेटरी गायकवाड काका सगळ्यांसमोर म्हणाले होते, "काय साहेब, रविवारपुरतं तर काम, त्यात पण रजा?" सगळे हसले होते. साहेबही हसले होते.

रविवारी उपासना झाल्यावर कमिटी बसली. मी कमिटीत नव्हतो आणि चारचौघांत कधी बोललेलोही नव्हतो. पण दारात उभा राहिलो आणि म्हटलं, "साहेबांची आई गेली. सुनंदाच्याच दिवशी. आपल्यातलं कुणीच त्यांच्या घरी गेलं नाही."

गायकवाड काका उठले होते, ते पुन्हा बसले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. मग ते जवळजवळ ओरडलेच, "अहो साहेब, आम्ही काय परके होतो का?"

"तसं नाही काका," पाळकसाहेब म्हणाले. "कुणाकडे असं झालं की तुम्ही मला बोलावता. माझ्याकडे झालं तेव्हा कुणाला बोलवायचं... मला सुचलंच नाही."

तेव्हा कमिटीतले जान्याकाका बोलले. ते उमरोळीकडच्या पाड्यावरचे.

"तुमी गावाला जा साहेब. इथं आमी हाय ना! आमच्या पाड्यावर तुमी महिन्याला एकदा येता. मंग बाकीच्या रविवारी आमी काय झोपून ऱ्हातो?"

माझ्या मागे दारात थांबलेल्या बाईंना त्याही परिस्थितीत हसू आलं... आणि हसता हसता त्या रडायला लागल्या.

त्याच संध्याकाळी आम्ही सगळे त्यांच्या घरी गेलो, डबे घेऊन. गायकवाड काकांनी स्तोत्र वाचायला घेतलं, पण दोन ओळींवरच पुस्तक मिटून ठेवलं. प्रार्थना कुणी करायची ते कळेना. इतकी वर्षं ते काम साहेबांचंच होतं ना... मग जान्याकाकांनी एक गीत सुरू केलं आणि पाळकसाहेब आईला हाक मारून लहान मुलासारखे रडले. मी त्यांच्या शेजारी बसून होतो. काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी ते दोघं गावी गेले. पुढचे दोन रविवार कमिटीनेच उपासना चालवली. गायकवाड काकांचा संदेश, म्हणजे प्रवचन, फार लांबला, पण कुणी उठलं नाही.

तेव्हापासून आमच्याकडे एक पद्धत पडली. कुणाचीही माती झाली की कमिटीतल्या दोघांनी पाळकांना घरापर्यंत सोडायचं, त्यांच्याकडे चहा घ्यायचा आणि विचारायचं, "तुमच्या घरी सगळं ठीक ना?" तसा ठराव कधी झाला नाही. पण चाललंय.

परवा गायकवाड काका गेले. आताचे पाळक अगदी तरुण आहेत. माती झाल्यावर कमिटीतली दोन मुलं कुणी न सांगता त्यांच्यासोबत चालायला लागली. मी मागून हळूहळू जात होतो...

सुनंदा असती तर तिने त्या दुपारी साहेबांचा चेहरा बघून लगेच विचारलं असतं. अशा गोष्टी आमच्या घरात तीच बघायची. आता ही मुलं बघतात. त्यांचे मनापासून आभार.