थर्माकोलची पेटी

दोंडाईचाहून धुळ्याला येणाऱ्या एसटीत तो माझ्या शेजारी बसला होता. चाळिशीचा असेल, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. मांडीवर थर्माकोलची पेटी. बस वळली आणि ऊन आलं की तो ती सावलीत सरकवायचा.

खिडकीजवळच्या म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, "भाऊ, कुल्फी शे का?"

"नही अक्का, रगत शे."

मग आमच्याकडे बघत त्याने पुस्तकी मराठीत सगळं समजावलं. शरीरातल्या प्रत्येक पेशीत कचरा विरघळवणाऱ्या बारीक पिशव्या असतात. काही मुलांत जन्मापासूनच त्या नीट काम करत नाहीत. कचरा साचतो, मेंदू झिजतो आणि मूल शिकलेलं चालणं-बोलणं हळूहळू विसरतं. झीज सुरू व्हायच्या आत काही करता येईल का, यावर त्याचं संशोधन चाललं होतं. अशाच एका मुलीच्या घरून तो येत होता.

"बरी व्हई का ती पोर?" अक्कांनी विचारलं.

इतका वेळ भराभरा बोलणारा तो चष्मा पुसत बसला. मग अहिराणीत म्हणाला, "ती नही, अक्का. पन हाई रगत तिना धाकला भाऊनं शे. तो आजून बोलस."

पुढच्या वळणावर ऊन पुन्हा पेटीवर आलं. त्याने ती सरकवायच्या आतच अक्कांनी खिडकीवर पदर आडवा धरला. धुळ्याचं देवपूर आलं तरी त्यांनी हात खाली घेतला नव्हता.