द्वारका कोण?

आधीच सांगून टाकते, मी अमावस्येला केस धुते आणि तिन्हीसांजेला नखं कापते. करणी, भानामती, अंगात येणं असलं काही माझ्यापाशी चालत नाही. सासूबाईंनी नजर काढायला लिंबू आणलं की मी त्याचं सरबत करून मोकळी होते! त्यामुळे हे वाचून सगळ्यात आधी माझ्या घरचेच हसतील... हसू देत. इतकी वर्षं पोटात ठेवलंय, आज लिहितेच.

साल २००३ किंवा २००४. महिना मात्र ऑक्टोबर, कारण गावागावांत भातकापणी चालू होती आणि उकाड्याने जीव नकोसा झाला होता. मी रत्नागिरीत एका ट्रस्टच्या हॉस्पिटलमध्ये लॅब टेक्निशियन होते. लॅब जिन्याखाली, आणि लॅबच्या कोपऱ्यात एकुलता एक कॉम्प्युटर. मी कधीतरी दोन महिन्यांचा कोर्स केला होता, म्हणून ते यंत्रही माझ्याच गळ्यात पडलं होतं.

मोठ्या तपासण्यांसाठी आम्ही रक्त मुंबईच्या एका लॅबला पाठवायचो. रिपोर्ट त्यांच्या डेटाबेसमध्ये यायचे आणि ते आम्ही इथून बघायचो. त्यासाठी तीन दारं उघडावी लागत. आधी मोडेमवरून इंटरनेट, मग त्यातून त्यांचं खाजगी नेटवर्क — व्हीपीएन — आणि शेवटी डेटाबेसचं लॉगिन. आमचं नाव LAB1. रोज दहा वाजता मी हे करायचे आणि रोज काहीतरी अडायचंच.

त्या दिवशी पहिली दोन दारं झटक्यात उघडली. तिसऱ्यावर लाल चौकोन — लॉगिन फेल्ड. पासवर्ड परत टाकला. फेल्ड. कॅप्स लॉक बघितला, पीसी बंद करून चालू केला. फेल्ड! बाहेर बाकावर रिपोर्टसाठी माणसं ताटकळलेली. त्यातच पालीच्या पुढच्या एका गावातून आलेले एक काका होते, रघुनाथकाका. त्यांच्या बहिणीला, सुनंदाला, चार दिवस ताप होता. आमच्या डॉक्टरांना लेप्टोची, म्हणजे भातशेतीच्या दिवसांत उंदरांमुळे पसरणाऱ्या तापाची, शंका होती. त्यांनी तिला गोळ्या देऊन घरी पाठवलं होतं आणि रिपोर्ट आला की बघू म्हणाले होते. काका सकाळी आठपासून बसले होते, आणि रिपोर्ट घेतल्याशिवाय हलायचं नाही असं ठरवूनच आले होते.

शेवटी मी मुंबईला फोन लावला. मोडेमची लाईन वेगळी होती, म्हणून दोन्ही एकदम चालायचं. तिकडे कॉम्प्युटर सांभाळणारा मिलिंद नावाचा मुलगा होता. हुशार, पण तोंडाने फटकळ. मीही काही कमी नाही, त्यामुळे आमचं बरं जमायचं. एका पेशंटचा रिपोर्ट फोनवर सांगता येईल का, तेही विचारलं. तो म्हणाला, मी मशीन बघतो, रिपोर्ट डॉक्टरांच्या सहीशिवाय कोणी सांगणार नाही.

मग त्याने सर्व्हरची नोंद उघडली आणि म्हणाला, "मॅडम, ही द्वारका कोण?"

"कोण द्वारका?"

"तुमच्या पीसीवरून सकाळपासून द्वारका नावाने लॉगिन मारताय ना! लॉगिन फेल्ड फॉर युजर द्वारका. नऊ वेळा. असं नाव आमच्या यादीत नाही, मग कसं घेणार आत?"

मी म्हटलं, अरे बाबा, मी LAB1 टाईप करतेय, डोळे आहेत मला. तो म्हणाला, व्हीपीएनमधून कधीकधी आपण टाकलेलं नाव जात नाही, पीसीवर जे खातं उघडलेलं असतं त्याचंच नाव पुढे जातं. हे मला पटलं. मी पीसीवरची सगळी खाती उघडून बघितली. होती दोनच, आणि त्यात द्वारका नव्हती. पूर्ण हॉस्पिटलमध्ये द्वारका नावाची नर्स नाही, आया नाही, कोणीच नाही. आमच्या पेशंटच्या रजिस्टरमध्येसुद्धा नाही.

"आता हात काढा कीबोर्डवरून," मिलिंद म्हणाला.

काढला.

"...आलं अजून एक."

मी वैतागून मोडेमची वायर भिंतीतून उपटली. म्हटलं, आता बोल. त्याने नोंद परत उघडली. मग म्हणाला, "आलं. मागचं अडकलेलं असेल काहीतरी." पण त्याच्या आवाजातला फटकळपणा गेला होता.

मग त्यानेच तोडगा काढला. "मॅडम, जाऊ द्या. मी ही द्वारका यादीत घालतो, पासवर्ड देतो. दोन मिनिटांचं काम आहे. तिला आत घेऊ, तुमचे रिपोर्ट दिसतील, मूळ बिघाड नंतर शोधू."

खरं तर मी हो म्हणायला हवं होतं. बाहेर दहा माणसं खोळंबली होती. पण माझा स्वभाव हट्टी, नियम म्हणजे नियम. मी फोनवर अक्षरशः ओरडले, "जिला मी ओळखत नाही तिला आत घ्यायचं नाही! कोण कुठली बाई, पेशंटचे रिपोर्ट आहेत ते! नाव यादीत नाही ना? मग नाही!"

माझा आवाज मुळात मोठा, त्यात ट्रंककॉलच्या काळापासूनची सवय. सगळ्या बाकाने ऐकलं. रघुनाथकाका उठून दारात आले. टोपी हातात.

"ओ मॅडम, तुमी मगाधरनं द्वारका द्वारका करताव... ती कोन?"

"तेच तर शोधतेय, काका. बसा तुम्ही."

"नाय, म्हंजे... आमच्या सुनंदाचं म्हायेरचं नाव द्वारका."

आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात, ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने नवं नाव लिहितात. माझंही बदललं होतं आणि मी चांगली आठवडाभर रुसले होते. तेव्हा त्यात नवल काहीच नव्हतं. पण केसपेपरवर, रक्ताच्या बाटलीवर, मुंबईच्या फॉर्मवर, सगळीकडे सुनंदाच होतं. ते फॉर्म मी स्वतः भरले होते.

"आयबापूस गेले. आता त्या नावानं तिला मी येकटाच हाक मारतंय," काका म्हणाले आणि त्यांचा चेहरा उतरला. "तिचं नाव हितं कसं आलं ओ?"

योगायोग असेल, असं म्हणायला तोंड उघडलं, पण त्याऐवजी विचारलं, "घरी कोण आहे तिच्याजवळ?" नवरा मुंबईला, पोरं शाळेत, सासू कापणीला. म्हणजे तापाने फणफणलेली बाई घरात एकटी! मग मात्र मी रिपोर्टचा नाद सोडला. मिलिंदला थांबायला सांगून फोन ठेवला आणि तिच्या घराजवळच्या किराणा दुकानाचा नंबर काकांकडून घेऊन तो फिरवला. दुकानदाराला म्हटलं, जरा जाऊन बघा. काकांनी माझ्या हातातून रिसीव्हर ओढून घेतला. "उटली नाय तर द्वारका म्हनून हाक मारा तिला. ल्हानपनापासनं त्या नावानंच जागी व्हते ती."

वीस मिनिटांनी दुकानदाराचा फोन आला. दार आतून बंद होतं, फोडावं लागलं. ती चुलीपाशी पडलेली, अंग पिवळंधमक. शेजारणी सुनंदा, सुनंदा करून थकल्या, डोळा उघडला नाही. दुकानदाराने द्वारका म्हटलं तेव्हा कुठे मान हलली. जीपमध्ये घातलीय, निघालोय.

तासाभरात तिला आणलं. डॉक्टरांनी रिपोर्टची वाट न बघता सलाईन आणि इंजेक्शनं सुरू केली. नंतर मला म्हणाले, संध्याकाळी आणली असती तर हातात काही राहिलं नसतं. मी खाली येऊन मोडेमची वायर भिंतीत लावली, LAB1 टाईप केलं, आणि तिसरं दार उघडलं. काहीही न बदलता. सुनंदाचा रिपोर्ट लेप्टो पॉझिटिव्ह. मी मिलिंदला विचारलं, द्वारका शेवटची कधी आली होती? त्याने सांगितलेली वेळ दुकानदाराच्या फोनच्या पाच-सात मिनिटं आधीची होती, म्हणजे त्याने तिला हाक मारली तेव्हाची. त्यानंतर ती परत कधीच आली नाही.

इथपर्यंतही मी स्वतःची समजूत घातली असती. पण पाचव्या दिवशी मी तिचं रक्त घ्यायला वॉर्डात गेले. ती उशीला टेकून पेज पीत होती. रघुनाथकाका बाजूला. मी म्हटलं, "काय द्वारकाताई, घाबरवलंत की आम्हाला!" ती हसली आणि आपणहून सांगायला लागली.

"मी कुठल्यातरी हापिसात गेलेलं ओ. खिडकी होती. आतला माणूस इचारी, नाव काय? मी सांगी, द्वारका. तो वही बघून सांगी, नाय नाव, परत जा. मी आपलं परत परत तेच. खूप दमलेलं, आत बसायला मिळालं तर बरं, असं वाटत व्हतं. त्यालाही दया आली, म्हनला, लिहून घेऊ काय तुजं नाव? तर आतनं एक बाई वरडली, हिला मी वळखत नाय, हिला आत घ्यायचं नाय! मंग मला आठवलं, आपलं आता नाव सुनंदा हाय. ते सांगणार, तवर मागनं कोनतरी द्वारका म्हनून हाक मारली. म्हनून वळून बघितलं."

मी सुई हातात धरून उभी.

"लय राग आला ओ त्या बाईचा," ती म्हणाली. मग माझ्याकडे नीट बघून, "आवाज अगदी तुमच्यासारका व्हता."

तिला माझ्या मुंबईच्या फोनबद्दल कोणी काही बोललं नव्हतं. काकांना मी तिथल्या तिथे विचारलं, तर त्यांनी गळ्याची शपथ घेतली. मी तिला मूठ वळायला सांगितलं आणि रक्त घेतलं.

पुढे मी खूप जणांना विचारलं. कोणी म्हणालं व्हायरस, कोणी म्हणालं क्रॉस कनेक्शन. मिलिंद आता मोठ्या कंपनीत आहे, तो हा विषय काढू देत नाही. एवढंच म्हणतो, "दोन मिनिटांचं काम होतं, मॅडम." तुमच्यापैकी कोणाकडे याचं उत्तर असेल तर खरंच सांगा.

तिचा फोन येतो अजून, दर दिवाळीला. मी विचारते, "कोण?" ती म्हणते, "द्वारका! वळखलात ना?"

आणि हो म्हणायच्या आधी मी दर वेळी घाबरून थोडी थांबते.