डाव्या बाजूला ओढणारी गाडी

बारामतीच्या दातांच्या डॉक्टरांनी त्यांची छोटी पांढरी गाडी विकायला काढली, तेव्हा तिच्या पासिंगला वर्षही उरलं नव्हतं. गाडीला पंधरा वर्षं झाली की ती आरटीओच्या साहेबांपुढं उभी करावी लागते. त्यांनी तपासून पास केली तर पुढं रस्त्यावर काढायची, नाहीतर दारात झाकून ठेवायची. त्यामुळं गाडी बघायला निघतानाच माझे यजमान म्हणाले, "पासिंगच्या तोंडावर काढतोय म्हंजी कायतरी हाय."

यजमान भवानीनगरच्या साखर कारखान्यात शेतकी खात्यात होते. ऊस लवकर तुटावा म्हणून लोक लागणीची तारीख खऱ्यापेक्षा आधीची सांगायचे, आणि यजमानांनी बांधावर जाऊन ती खोटी ठरवायची. हे काम वर्षानुवर्षं केल्यावर माणूस घरीही तसाच होतो. भाजीवाल्यानं वर दोन मिरच्या टाकल्या तरी ते पिशवी उलगडून बघायचे.

आम्ही कन्हेरीत राहायचो. मी बारामतीत मुलींच्या शाळेवर शिकवायचे. सासरे, म्हणजे आबा, निरवांगीला शेतावर एकटे असायचे, आणि दर रविवारी दोन मुलींना स्कूटरवर कोंबून आम्ही त्यांच्याकडं जायचो. मुली मोठ्या व्हायला लागल्या, म्हणून गाडीचा विषय निघाला.

डॉक्टर उंच, नीटनेटके, जरा घाईत असलेले गृहस्थ. त्यांनी मागचं दार वर उचलून दाखवलं, इंजिन सुरू केलं. "एका हातची गाडी आहे. कुठं खरचटलेलीसुद्धा नाही."

"मग देताय कशाला?" यजमानांनी विचारलं.

"नवी येतेय. दोन गाड्या लावायला जागा नाही."

यजमानांनी भाव पाडून मागितला. डॉक्टर लगेच हो म्हणाले. परत येताना यजमान खुशीत असतील असं मला वाटलं होतं, पण ते म्हणाले, "घासाघीस न करता दिली. ह्ये लक्षण बरं न्हवं."

तरी गाडी घेतली.

पहिल्या रविवारी ती निरवांगीला नेली. आबांच्या लहानपणी घरात मेंढरं होती. ते वाड्याबरोबर, म्हणजे मेंढपाळांच्या फिरत्या बिऱ्हाडाबरोबर, पार कोकणात उतरलेले. पुढं कळप गेला, विहीर झाली, ऊस आला. पण विकत आणलेल्या जिवाभोवती एक फेरी मारायची सवय गेली नव्हती. ते गाडीभोवती फिरले. दारं उघडून आपटली. पुढच्या डाव्या सीटखालची रबरी चटई उचलली आणि वाकून बसले.

"सूनबाई, हिकडं ये. ह्यो पांढरा न् त्यो पांढरा, येकच हाय का?"

मी बघितलं. आतला पत्रा एका रेषेपर्यंत जुन्या दुधासारखा होता आणि रेषेच्या पुढं नुसता चुन्यासारखा.

"गंज धरला असंल, म्हणून रंगवला असंल," मी म्हणाले.

"असंल," आबा म्हणाले. ते 'असंल' यजमानांनी ऐकलं, आणि त्या दिवसापासून आमच्या घरात त्या गाडीवर पाळत सुरू झाली.

खरं सांगायचं तर तिनं काहीही त्रास दिला नाही. थंडीतही पहिल्या चावीला सुरू व्हायची. मुलींना घेऊन आम्ही निरवांगीला गेलो, लग्नांना गेलो, आबांना डोळ्यांच्या ऑपरेशनला नेलं आणि आणलं. एकदाही बंद पडली नाही. पण यजमानांना तेच खटकायचं. "येवढी चांगली असती तर त्यानं सोडली असती का?" असं ते दर प्रवासाच्या शेवटी म्हणायचे. एकच गोष्ट मलाही जाणवायची. जोरात ब्रेक मारला की गाडी डावीकडं ओढायची. मी त्याचा दोष रस्त्याच्या उतारावर ढकलायचे. यजमान नुसते माझ्याकडं बघायचे.

पासिंगसाठी इंदापूरला कॅम्प असायचा. हायवेजवळच्या मोकळ्या मैदानात टेम्पो, जीपा, रिक्षा रांगेनं उभ्या. मालक लोक ऐन वेळी चाकं धुवत होते, कोणी दिव्यावर फडकं मारत होतं. त्या दिवशी शाळेला सुट्टी होती, म्हणून मीही गेले होते. साहेब तरुण होते आणि उन्हानं वैतागलेले होते. हॉर्न, दिवे, वायपर, सगळं पटपट झालं. चासीच्या नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासली, तेही ठीक निघालं. मग म्हणाले, "पळवा, आणि मी हात केला की ब्रेक मारा."

यजमानांनी गाडी पळवली. साहेबांनी हात केला. गाडी थांबली, पण तोंड डावीकडं फिरवून थांबली. धुरळा खाली बसल्यावर जमिनीवरच्या चाकांच्या खुणा सगळ्यांनाच दिसल्या.

साहेबांनी बॉनेट उघडलं, डाव्या चाकाच्या वरचा पत्रा स्क्रूड्रायव्हरनं खरवडला. खालून वेल्डिंगची जाड शिवण निघाली.

"कुठं ठोकली होती?"

"आमी न्हाय ठोकली."

"सगळे असंच सांगतात," साहेब म्हणाले. "फेल. दुरुस्त करा आणि पुढच्या कॅम्पला आणा."

आयुष्यभर दुसऱ्याचं खोटं पकडणाऱ्या माणसाला भर मैदानात खोटं ठरवलं होतं.  गाडी घरी न नेता यजमानांनी सरळ बारामतीला डॉक्टरांच्या दारात उभी केली.

डॉक्टर जेवून उठले होते. त्यांच्या बायकोनं आम्हाला पाणी आणून दिलं. यजमान पाण्याला शिवले नाहीत.

"डॉक्टर, गाडी ठोकलेली हाय. डाव्या बाजूला. साहेबानं फेल केली."

"शक्य नाही. पहिल्या दिवसापासून मीच चालवलीय."

"मग वेल्डिंग काय आपोआप उगवलं?"

"अहो, तुम्हीच कुठं आदळली असेल!" डॉक्टरांचा आवाज चढला. "विकून इतके महिने झाल्यावर मला विचारायला येताय?"

दोघेही उभे राहिले. मी मात्र डॉक्टरीणबाईंकडं बघत होते. 'डाव्या बाजूला' हे शब्द ऐकताच त्यांनी रिकामा ट्रे छातीशी धरला होता. मग त्या आत गेल्या, त्या बाहेर आल्याच नाहीत.

दोन-चार दिवसांनी शाळा सुटल्यावर त्या मला फाटकाबाहेर उभ्या दिसल्या. नवऱ्यानं मिटवामिटवी करायला पाठवलं असणार, असा माझा पहिला विचार. संशय एव्हाना मलाही लागला होता.

"बाई, थोडं बोलायचंय. इथं नको."

आम्ही कालव्याच्या कडेनं चालत गेलो. पुलाजवळ आल्यावर त्या थांबल्या आणि कठड्याकडं बोट केलं. "इथं धडकवली मी."

डॉक्टर मुलाच्या कॉलेजप्रवेशासाठी नागपूरला गेले होते. बाईंनी माहेरी, भावाच्या गाडीवर, गाडी शिकून घेतली होती. नवऱ्याला सांगितलं नव्हतं. किल्ली घरात होती, गाडी दारात. पहाटे जरा फिरवून आणू म्हणून निघाल्या. पुलावर समोरून बैलगाडी आली, आणि ब्रेकऐवजी पाय दुसरीकडंच पडला. बैलांना काही झालं नाही, यांनाही नाही. पण चाक आत गेलं. भावाला बोलावून घेतलं. त्यानं गाडी इंदापूरला ओळखीच्या गॅरेजात नेली, आणि डॉक्टर परत यायच्या आत ती पहिल्यासारखी दारात उभी होती.

"त्यांना कधीच कळलं नाही?"

"घर ते दवाखाना, एवढीच तर चालवायचे. ब्रेकला ओढते म्हणाले, तर मी म्हटलं टायर जुने झालेत." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "ते खोटं बोलत नव्हते हो. त्यांना खरंच वाटतं, गाडीला ओरखडा नाही. तुम्ही त्यांना सांगू नका. गॅरेज मी दाखवते, तिथं नीट करून घ्या. काय खर्च येईल तो मी देईन."

खर्चाचं मी नको म्हणाले. बाकीचं कबूल केलं.

घरी आल्यावर मी यजमानांना म्हटलं, "इंदापुरात एक गॅरेज आहे म्हणे चांगलं. आमच्या शाळेतल्या बाई सांगत होत्या."

"कोन बाई?"

"आहेत एक."

ते माझ्याकडं बराच वेळ बघत राहिले. उसाच्या फडात उभे राहून शेतकऱ्याकडं असेच बघत असतील.

गॅरेजवाला पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. यजमान त्याच्या शेजारी उलटा डबा टाकून बसले, आणि तो कुठला नट काढतो, कुठला परत बसवतो, हे न्याहाळत राहिले. त्यानं चाक उतरवलं, चाकाला धरून ठेवणारा लोखंडी आर्म बाहेर काढला. तो जरासा वाकलेला होता.

"मागच्या टायमाला ह्यो बदलायचा राहिला," तो सहज बोलून गेला. "लई घाई व्हती."

"मागच्या टायमाला म्हंजी?" यजमान डब्यावरून उठले. "गाडी हितंच आली व्हती?"

गॅरेजवाल्यानं माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं.

"आली व्हती," तो म्हणाला, आणि पुन्हा गाडीखाली सरकला.

यजमानांचा चेहरा उजळला. "बघ! मी म्हनलं न्हवतं? डॉक्टरनंच आणली व्हती, आन तोंडावर खोटं बोलला!"

तिथंच सांगायला हवं होतं. पण मी शब्द दिला होता, आणि वाटलं, गाडी पास झाली की विषय संपेल.

पुढच्या कॅम्पला गाडी नाकासमोर सरळ थांबली. साहेबांनी पास केली. विषय मात्र संपला नाही. यजमानांनी कारखान्याच्या कँटीनमध्ये गोष्ट सांगितली. तिथून ती उसाच्या गाडीवाल्यांबरोबर गावोगाव गेली. निरवांगीला आबांच्या पारावरही पोचली. गाडीत फसवतो तो दातात फसवत नसेल कशावरून, असं लोक म्हणायला लागले. आमच्या शाळेतल्या शिपाईमावशी दाढ काढायला दुसऱ्या डॉक्टरकडं गेल्या आणि मला कौतुकानं म्हणाल्या, "तुमच्यामुळं वाचले बाई." मी त्याच दिवशी डॉक्टरीणबाईंना निरोप पाठवला: आता मला गप्प राहता येत नाही.

त्यांचा उलट निरोप आला नाही. आले ते डॉक्टर, भवानीनगरला, कारखान्याच्या फाटकावर. त्यांनी चार माणसांत यजमानांना हाक मारली आणि म्हणाले, "गाडी ठोकलेली होती. माझ्या बायकोच्या हातून. मला काल कळलं. मी तुम्हाला वेडंवाकडं बोललो, माफ करा."

संध्याकाळी यजमान मला शाळेतून घ्यायला आले ते हे सांगतच. "बघितलंस का माणूस? अंगाशी आलं तर आता बायकोवर ढकलतोय!"

मग मला राहवलं नाही. कन्हेरीच्या रस्त्यावर, उसाच्या दोन फडांमधे, मी त्यांना पुलापासून गॅरेजपर्यंत सगळं सांगितलं. त्यांनी गाडी कडेला घेतली. ट्रॅक्टर जात होते, चालणारी माणसं वाकून बघत होती. ते म्हणाले, "म्हंजी त्यो येकटाच खरं बोलत व्हता."

"होय."

"आन मी गावभर त्याला खोटा केला." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "तू बी करू दिलंस."



दुसऱ्या दिवशी ते कँटीनमध्ये गेले आणि ज्या टेबलावर पहिली गोष्ट सांगितली होती तिथंच दुसरी सांगितली. ही गोष्ट पहिलीइतकी लांब गेली नाही. बऱ्याच जणांना वाटलं, दोघांत मिटलं असेल काहीतरी. शिपाईमावशी शेवटपर्यंत त्या डॉक्टरकडं परत गेल्या नाहीत.

त्या रविवारी निरवांगीला न जाता आम्ही डॉक्टरांकडं गेलो. यजमानांनी हात जोडले. डॉक्टरांनी त्यांना बसवलं. चहा आला, पोहे आले. दोघं पावसावर बोलले, कारखान्याच्या भावावर बोलले. पण डॉक्टर मधेच थांबून बायकोकडं बघायचे. त्यांनी विचारलं, "दूध संपलंय?" त्या म्हणाल्या, "हो." तर ते म्हणाले, "नक्की?"

निघताना त्या फाटकापर्यंत आल्या. "हल्ली असंच चाललंय," हळू आवाजात म्हणाल्या. "माहेरी जाऊन आले तरी नक्की कुठं होतीस विचारतात. साखर कुठून आणली तेही विचारतात. इतकी वर्षं मला कधी काही विचारलं नव्हतं."

"मी तो निरोप पाठवला नसता तर..." मी म्हणाले.

"नाही हो, तुमचा निरोप यायच्या आधीच मी ठरवलं होतं. दवाखान्यात एक म्हातारा त्यांच्या तोंडावर म्हणाला, 'डॉक्टर, खरी कवळी देताय ना?' त्या दिवशी ते जेवले नाहीत. मला ते बघवेना." मग त्यांनी आमच्या गाडीच्या डाव्या बाजूला, चाकाच्या वर, क्षणभर तळहात टेकवला. "आता ओढत नाही ना?"

"नाही. सरळ जाते."

"बरं झालं," त्या म्हणाल्या, आणि आतून डॉक्टरांची हाक आली तशा घाईनं मागं वळल्या.