रोज लिटरभर तेल पिणारी जीप

"गाडी तेल पेत नाई, हा माणूस पेते!"

ठेकेदार माझ्या गॅरेजच्या दारात उभा राहून ओरडत होता. आवाज असा की समोरच्या पानठेल्यावरच्या चुन्याच्या डब्या एकेक करून फळीवरून खाली उतरत होत्या. 'हा माणूस' म्हणजे त्याचा ड्रायव्हर. तो जीपला टेकून, हातात फडकं घेऊन उभा होता आणि त्या फडक्याची घडी घालत होता. उलगडायचा आणि परत घालायचा.

गडचिरोली वेगळा जिल्हा होऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली असतील. माझं गॅरेज चंद्रपुरात, बसस्टँडच्या मागच्या बाजूला. पत्र्याचं होतं, पण त्याची फरशी मी स्वतः उभा राहून पाण्याची पातळी लावून घालून घेतली होती. इतकी सपाट की सोमवारी ठेवलेला काचेचा कंचा शुक्रवारी तिथेच सापडायचा. वरोऱ्यापासून सिरोंच्यापर्यंत जंगलात जेवढ्या गाड्या फिरत, त्यातल्या निम्म्यांचा मी डॉक्टर होतो आणि उरलेल्या निम्म्या मी हात लावला नाही म्हणून बंद पडून होत्या. हे मी म्हणत नाही, लोक म्हणायचे. लोकांना ते मीच सांगितलं होतं, एवढंच.

ठेकेदार मूळचा वरोऱ्याचा. तेंदूपत्त्याचा ठेका त्याने मुलचेऱ्याच्या पलीकडे घेतला होता. हंगाम पंधरा दिवसांवर आला होता आणि जीप रोज लिटरभर इंजिन ऑइल खात होती. गाडीला एवढं तेल लागत नाही हे त्याला कळत होतं. मग तेल जातं कुठे, याचं उत्तरही त्याने स्वतःच काढलं होतं. मुलचेऱ्याकडे बंगाली लोकांच्या वस्त्या, तिथे धानाच्या गिरण्या, गिरण्यांना इंजिनं, इंजिनांना तेल. म्हणजे ड्रायव्हर डबे तिकडे विकतो. हिशेब त्याच्या मनात इतका चोख बसला होता की त्यात माझी गरज फक्त साक्षीदार म्हणून होती.

ड्रायव्हर तिथल्याच एका जंगलगावचा, गोंड घरातला, चाळिशीच्या आसपासचा. त्या गावातून स्टीअरिंग धरणारा तो पहिला माणूस, आणि त्याला ते धरायला शिकवलं होतं मी. दोन वर्षांपूर्वी महिनाभर माझ्याकडे राहून शिकला. त्याची नोकरी गेली असती तर नुसती गेली नसती, चोर म्हणून गेली असती. आणि तो शिक्का घेऊन आलापल्लीपासून अहेरीपर्यंत एकाही ठेकेदाराने त्याला गाडीच्या टपाला हात लावू दिला नसता. ठेकेदाराचा साळा वरोऱ्यात लायसन घेऊन तयार बसला होता, हेही मला माहीत होतं.

मी ठेकेदाराला खुर्ची दिली, चहा मागवला आणि म्हणालो, तेल जायला तीन वाटा असतात. खाली गळतं, वर जळतं, नाहीतर माणूस नेतो. तुम्ही एकदम तिसरीवर गेलात. पहिल्या दोन मला पाहू द्या. तेल गाडीच खाते हे मी दाखवलं नाही तर ही मिशी उतरवीन. आता माझी मिशी म्हणजे काय चीज होती हे आजच्या लोकांना सांगून कळायचं नाही. लिंबू ठेवतात लोक मिशीवर, माझ्या मिशीवर तेव्हा अख्खं टरबूज राहिलं असतं. ठेकेदार त्या मिशीकडे बराच वेळ पाहत राहिला. त्याची खुर्ची ठेवली होती बरोबर त्या भिंतीखाली, जिथे खिळ्यावर त्याच्याच जीपचं सेल्फ, म्हणजे चाबीवर इंजिन चालू करणारी मोटर, टांगलेलं होतं. दिवाळीला दुरुस्तीला आलं होतं. त्याने वर पाहिलं नाही, मीही पाहायला सांगितलं नाही. जंगलातल्या गाडीला सेल्फ म्हणजे चैन, असं माझं तेव्हा मत होतं.

मग चार माणसांनी ढकलून जीप चालू केली. मागून जो धूर निघाला तो पाहून मला आनंदच झाला. निळा, गच्च, तेलकट. पानठेल्याच्या छपरावरच्या कोंबड्या संध्याकाळ झाली समजून डोळे मिटून बसल्या. निळा धूर म्हणजे तेल जळतंय, यात शंका नाही. ठेकेदाराला म्हणालो, पाहा, गिरणीत विकलेलं तेल तुमच्या सायलेन्सरमधून कसं येईल?

तो म्हणाला, "अर्ध इकते, अर्ध टाकते."

त्या दिवशी मी तेलाची काठी काढून पाहिली तेव्हा तेल वरच्या खुणेच्याही बोटभर वर होतं. हे नीट लक्षात ठेवा, कारण मी ठेवलं नाही. मला वाटलं, बिचाऱ्याने भीतीपोटी जास्त ओतलं असेल. उत्तर माझ्या हातात काठीवर चमकत होतं आणि मी ते फडक्याने पुसून टाकलं.

मग माझी तपासणी सुरू झाली. चारही प्लग काढले. चारही सारखेच तेलकट. एखादी रिंग तुटली असती तर एकच प्लग न्हाला असता. प्लगच्या भोकावर अंगठा दाबून धरला आणि गॅरेजातल्या पोराला नाही, एका धट्ट्याकट्ट्या हमालाला हँडल मारायला लावलं. हवेच्या दाबाने अंगठा असा उडाला की माझा हात खांद्यापासून पाठीमागे जाऊन आला. चारही सिलेंडर तसेच. म्हणजे रिंगा ठणठणीत. हमालाचंही मनगट गेलं, हँडल उलटं फिरलं म्हणून. ते हँडल असंच होतं, एकदा सरळ, दोनदा उलटं. म्हणून ती जीप कोणी हँडलने चालू करत नसे. खाली कागद अंथरले, दुसऱ्या दिवशी त्यांवर दोन-चार थेंब. एवढ्याने लिटर होत नाही.

ठेकेदाराची अट होती की तपास चालू असताना ड्रायव्हरने गाडीला हात लावायचा नाही. तो बाहेर कडुलिंबाखाली बसून राहायचा. मी तीन दिवस ती जीप पळवली. घुग्घुसला गेलो, वरोऱ्याला गेलो, गडचांदूरला गेलो. गडचांदूरहून परतलो तेव्हा रस्त्यावरच्या सिमेंटच्या धुळीने इतका माखलो होतो की कोणी बादलीभर पाणी मारलं असतं तर आज चौकात माझा पुतळा उभा असता. रोज संध्याकाळी सपाट फरशीवर गाडी लावून काठी पाहायचो. पहिल्या दिवशी तेल थोडं उतरलं, वरच्या खुणेला आलं. दुसऱ्या दिवशी तिथेच. तिसऱ्या दिवशीही तिथेच. धूर तर दुसऱ्याच दिवशी असा गेला की मी त्याला शोधायला मागे जाऊन वाकून पाहिलं.

आता माझी अवस्था पाहा. मी ड्रायव्हरला वाचवायला निघालो होतो, आणि माझ्याच तपासणीने सिद्ध काय केलं? ड्रायव्हर जवळ असला की गाडी लिटरभर पिते, लांब असला की उपास करते. कोणत्याही कोर्टात यापेक्षा चांगला पुरावा लागत नाही. चौथ्या दिवशी ठेकेदार आला, काठी पाहिली, आणि या वेळी ओरडला नाही. ते जास्त वाईट होतं. ड्रायव्हरला म्हणाला, "चाबी दे."

ड्रायव्हरने माझ्याकडे एकदा पाहिलं. चाबी माझ्याच खिशात होती.

मी चाबी दिली नाही. म्हणालो, दवाखान्यात ताप उतरतो आणि घरी चढतो, तेव्हा डॉक्टर घर पाहायला जातो. मला फडीवर दोन दिवस राहू द्या. फडी म्हणजे जिथे तेंदूपत्त्याचे पुडे गोळा करतात ती जागा. तिथे तेल डोळ्यांदेखत गेलं नाही तर चाबी तुमची, मिशी तुमची, वस्तरा मीच आणीन. ठेकेदार हो म्हणाला. त्याला चोर हवा होता, पण मिशी उतरताना पाहायची हौसही सुटत नव्हती.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. मी चालवत होतो, ड्रायव्हर बाजूला. वैनगंगा ओलांडून आष्टी आलं. मी त्याला स्पष्ट विचारलं, तेल नक्की टाकतोस ना? तो म्हणाला, "तुमी शिकवलं तसंच करून राह्यलो. रोज सकाळी, गाडी हलवाच्या आधी." ही माझीच शिकवण. इंजिन थंड असताना, गाडी जागची हलवायच्या आधी काठी काढायची, पुसायची, परत घालायची, मग पाहायची, खालच्या खुणेला आलं की ओतायचं. हे मी आयुष्यात शंभरेक ड्रायव्हरांना शिकवलं आणि नव्व्याण्णवांनी दुसऱ्याच दिवशी विसरून टाकलं. हा एकटा पाळत होता.

मुलचेऱ्यात सपाट रस्त्यावर थांबून, थोडा वेळ जाऊ देऊन काठी पाहिली. तेल वरच्या खुणेला. फडीच्या जवळ पोहोचलो तेव्हा तो म्हणाला, आता मी घेतो. स्टीअरिंग घेतलं आणि जीप एका टेकाडाच्या उतारावर, मोहाच्या झाडाखाली, नाक खाली करून उभी केली. पुढच्या चाकांखाली दगड लावले. त्यात मला काही नवल वाटलं नाही. जंगलातल्या सगळ्या गाड्या तशाच झोपतात. बॅटरी, सेल्फ यांचा भरवसा नसतो, मग सकाळी दगड काढायचा, गाडी घरंगळली की गिअर टाकायचा, चालू. आमच्याकडचे ड्रायव्हर मुक्कामाची जागा पाणी पाहून निवडत नाहीत, उतार पाहून निवडतात.

त्या रात्री मी बॉनेटवर झोपलो, म्हणजे माझ्या अंगावरून गेल्याशिवाय कोणी तेलाला हात लावू शकत नव्हतं. घसरू नये म्हणून स्वतःला दोराने बांधून घेतलं. एक अस्वल मोह खायला आलं होतं, त्यानेही मिशी पाहून रस्ता बदलला.

सकाळी ड्रायव्हर फडकं घेऊन आला. मला सोडवलं, बॉनेट उघडलं, काठी काढली, पुसली, घातली, काढली आणि माझ्यासमोर धरली. खालच्या खुणेच्याही खाली. मी स्वतः रात्रभर ज्या तेलावर झोपलो होतो, त्यातलं लिटरभर तेल नाहीसं झालं होतं. खरं सांगतो, दोन क्षण मला वाटलं की बॉनेटखाली भूत आहे. ड्रायव्हरने शांतपणे नवा डबा उचलला आणि झाकण फिरवलं.

त्याच वेळी कोणीतरी चहा आणला. मी कप बॉनेटच्या कडेवर ठेवला. कप भरलेला, आणि गाडी तिरपी. चहा पुढच्या काठावरून ओघळला, मागच्या बाजूला कप कोरडा.

"थांब," मी म्हणालो. "डबा ठेव खाली."

दगड काढायला लावले. जीप घरंगळत फडीच्या सपाट मैदानात आली. मी इंजिन चालू करू दिलं नाही. एक बिडी संपेपर्यंत थांबलो आणि काठी काढली. तेल वरच्या खुणेला, काल मुलचेऱ्यात होतं तिथेच.

त्या जीपची काठी इंजिनाच्या मागच्या अंगाला. नाक खाली करून गाडी उभी राहिली की सगळं तेल पुढे जाऊन बसायचं आणि काठी मागे कोरडी राहायची. हा प्रामाणिक माणूस रोज सकाळी, गाडी हलवायच्या आधी, ती कोरडी काठी पाहायचा आणि भरलेल्या इंजिनात आणखी लिटर ओतायचा. जास्तीचं तेल मग दिवसभर क्रँकच्या फटक्याने उडायचं, थोडं वर जाऊन निळा धूर व्हायचं, थोडं हवेच्या नळीतून रस्त्यावर सांडायचं. संध्याकाळपर्यंत इंजिन आपलं आपण हलकं व्हायचं. बाकीचे ड्रायव्हर वाचले, कारण ते तेल पाहतच नव्हते.

ठेकेदार दुपारी पोहोचला. मी त्याला साधं सांगितलं असतं तर दोन मिनिटांत संपलं असतं, पण मिशीचा प्रश्न होता. परात मागवली, तिच्यात पाणी घेतलं, परात तिरपी धरली, मागच्या कडेला काडी बुडवून कोरडी काढून दाखवली. मग जीप उतारावर चढवली, काठी कोरडी. खाली आणली, काठी ओली. परत चढवली. हंगामाआधी फडी झाडायला आलेल्या बाया झाडू टाकून पाहायला उभ्या राहिल्या. चौथ्यांदा चढवायला लागलो तेव्हा ठेकेदार म्हणाला, पुरे, समजलं. त्याचं लक्ष रिकाम्या डब्यांकडे गेलं. ड्रायव्हरने ते सगळे फेकायचे सोडून जवळच्या शेतात रानडुकरांना पळवायला दोरीवर बांधले होते, वाऱ्याने खडखडत होते. विकलेले डबे असे वाजत नाहीत.

मग ठेकेदाराने माझ्याकडून चाबी घेतली आणि ड्रायव्हरच्या हातात दिली. माफी वगैरे त्याच्या तोंडात बसत नसे. एवढंच म्हणाला, "उद्या पाचच्या आत निघ, भाऊ." ड्रायव्हरला तो 'भाऊ' म्हणाल्याचं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. साळ्याचं नाव पुन्हा निघालं नाही.

तो गेल्यावर मी मोहाच्या बुंध्याला टेकलो, मिशीला पीळ दिला आणि ड्रायव्हरला मोठं भाषण दिलं. यापुढे तेल सपाटीवरच पाहायचं. मी नसतो तर काय झालं असतं याचा विचार कर. नागपूरचे मोठमोठे मिस्त्री इंजिन उकलून बसले असते, मी एका कप चहावर रोग काढला. तुझी नोकरी वाचवली, तुझं नाव वाचवलं, मुंबई-पुण्याकडे माझ्यासारखा माणूस असता तर त्याच्या दारात हत्ती बांधले असते. असं बरंच. आणि शेवटी विचारलं, आता बोल, काही म्हणायचं आहे?

त्याने फडक्याची घडी घातली, खिशात ठेवली.

"सेल्फ कधी लावून देता?"