ब्राउझरला साहेबांची तारीख

कोल्हापुरात बसून नवा ब्राउझर काढतोय, हे मी घरी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा बायकोनं कढईतून नजर न काढता विचारलं, "आहेत ते बंद पडलेत का?" म्हटलं, नाही, सगळे चालू आहेत. "मग?" या 'मग'चं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

माझ्या मित्राकडं मात्र ते होतं. आम्ही शाळेपासूनचे. तो आधी दुकानांच्या पाट्या रंगवायचा, पुढं कम्प्युटरवर डिझाइन शिकला. त्याचं म्हणणं, आपल्या माणसाला इंटरनेटवर गेलं की परक्याच्या घरात शिरल्यासारखं होतं, चप्पल कुठं काढायची इथपासून अडचण. त्याला आपल्याच घरच्या सोप्यात बसल्यासारखं वाटलं पाहिजे.

उद्यमनगरात त्याच्या चुलत्याचं स्पेअर पार्टचं दुकान होतं, त्यावर एक खोली. खाली लेथ चालायचं, वर आम्ही. इंजिन काही आम्ही बनवलं नव्हतं. जगातली भली माणसं ते फुकट देतात. ट्रकची नुसती चासी आणून इथले कारागीर तिच्यावर बॉडी बांधतात, तसलाच आमचा प्रकार. आतली जोडाजोड माझी, दिसणं त्याचं. माझ्या पहिल्या आवृत्तीत 'मागे' दाबलं की अख्खा ब्राउझर बंद व्हायचा. मित्र म्हणाला, "मागं म्हंजे किती मागं न्हेतोस मर्दा, डायरेक्ट घरला?"

त्याचं काम मात्र बघत राहावं असं. उघडलं की पांढरंशुभ्र पान, मधोमध एक चौकट, तिच्या कडेला लोण्यापेक्षा जरा गडद पिवळी रेघ. बाकी काही नाही. पान सापडलं नाही तर खाली यायचं, "पावणं, ह्यो पत्ता गावंना झालाय. एकदा तपासून बघा की." त्या एका पिवळ्यासाठी त्यानं मला इतके पिवळे दाखवले की मला जेवणातली आमटीही बिघडलेली वाटायला लागली.

काम करताना पडद्याच्या कडेचं काही बघायचं झालं की तो सगळी मान वळवायचा. मी आपला टिंगल करायचो, मानेत लचक भरली काय म्हणून. मग एकदा त्यानं सांगितलं. मिरजेच्या डॉक्टरांनी तपासलं होतं. नजर कडेनं मिटत चालली होती आणि तिला औषध नव्हतं.

"पाईपातनं बघितल्यावानी दिसतंय," तो म्हणाला. "आनि पाईप बारीक व्हत जाणार."

"किती दिवस?"

"ते त्यांलाबी सांगता येत न्हाय. एखादं वरीस गावंल म्हणालेत. मला एवढंच पायजे बघ. कुठल्यातरी गावात, परक्या माणसाच्या कम्प्युटरवर आपलं हे उघडलेलं बघायचंय. आपण बसवून दिलेलं नव्हं. त्यानं आपणहून घेतलेलं."

त्यानंतर मी गाढवासारखा राबलो. 'मागे' मागे जायला लागलं, मराठी अक्षरं तुटायची थांबली, आणि ब्राउझर तयार झाला. आता तो नेटवर चढवायचा, म्हणजे एक बटण दाबायचं. उरलं होतं ते एवढंच.

आणि इथं माझी अक्कल जागी झाली. मी म्हटलं, लोकार्पण सोहळा करू.

आमच्याकडं केस कापायचं दुकानसुद्धा फीत कापल्याशिवाय उघडत नाही, हा तर ब्राउझर. प्रमुख पाहुणे म्हणून मी आमच्या भागातल्या एका नेत्यांना गाठलं. सगळे त्यांना नुसतं साहेब म्हणतात. साहेबांनी पाठीवर थाप मारली, त्यांच्या पीएनं तारीख दिली. मी हॉल ठरवला, फ्लेक्स छापला, फेटे बांधणाराही सांगून ठेवला. आदल्या दिवशी पीएचा फोन, "दूध संघाची मीटिंग लागल्या. पुढची घ्या."

मित्र म्हणाला, "टाक की आता नेटवर. बटण तर दाबायचंय."

"असं गुपचूप? पळून जाऊन लगीन केल्यागत दिसंल."

तो हसला. माझ्याकडं बघत म्हणाला, "आता तुझं नाक तेवढं दिसतंय. बाकीचं न्हाय दिसलं तरी चालण्यासारखंच हाय म्हणा."

दुसऱ्या तारखेला साहेबांच्या एका कार्यकर्त्याच्या घरी मयत झाली. तिसऱ्या तारखेच्या तोंडावर आचारसंहिता लागली. दर वेळी नवा फ्लेक्स कुठं छापायचा म्हणून मी जुन्यावरच तारखेचं ठिगळ चिकटवत गेलो. त्यावर साहेबांचा फोटो केवढा, आमचे दोघांचे केवढे, हे सांगायला नकोच. मित्र फ्लेक्सला नाक लावून स्वतःचा फोटो शोधत होता. "मी हाय न्हवं ह्यात?" त्यानं विचारलं. होता, पार खाली कोपऱ्यात. मी त्याचं बोट धरून तिथं टेकवलं.

मोटरसायकल त्यानं चुलतभावाला देऊन टाकली होती. खोलीचा जिना तो भिंतीला तळवा लावून चढायचा. आचारसंहिता चालू असताना आमच्याकडं दुसरं काम नव्हतं, म्हणून आम्ही तयार ब्राउझरच पुन्हा पुन्हा उघडून बसायचो. एव्हाना पाईपातलं उरलेलंही त्याला धुरकट दिसायला लागलं होतं. तो म्हणायचा, अक्षर मोठं कर. मी करायचो. पुढच्या खेपेला आणखी मोठं. एक दिवस सबंध पडद्यावर 'प' एवढा एकच मावला होता, आणि तो म्हणाला, "अजून जरा."

अजून मोठं करायची सोय मी ठेवलेली नव्हती.

"चढवू या काय आजच?" मी विचारलं.

"आता ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "तू फेट्याचा रंगबी ठरवून बसलायस."

शेवटी साहेब आले. उशिरा आले, पण आले. भाषणात ते शेवटपर्यंत 'हे मशीन' म्हणत होते आणि मशीन शेतकऱ्याच्या बांधावर पोचलं पाहिजे, असं त्यांनी टेबलावर हात आपटून सांगितलं. मग बटण दाबलं. मागच्या मोठ्या पडद्यावर आमचं पांढरं पान उघडलं. लोकांनी साहेबांकडं बघून टाळ्या वाजवल्या. मित्र माझ्या शेजारी फेटा बांधून बसला होता, तोंड पडद्याच्या उलट्या बाजूला.

"झालं काय चालू?"

"झालं." मी त्याची खुर्ची वळवली.

त्यानं फेटा कपाळावरून जरा वर सारला. मग म्हणाला, "व्हय, उजेड पडलाय."

लोकांनी ब्राउझर फारसा घेतला नाही. ज्यांनी घेतला त्यातले बरेच माझे नात्यातले पाहुणे होते, ते धरायचे नाहीत. बऱ्याच महिन्यांनी पेठ वडगावहून एक तक्रार आली. सातबारा, दाखले काढून देणारं तिथं एक केंद्र आहे. आमच्या ब्राउझरमधून तिथल्या दाखल्यांची प्रिंट निघत नव्हती. मला तो केंद्रवाला माहीत नव्हता, मित्रालाही नव्हता. मी दुरुस्ती फोनवर सांगू शकलो असतो. तसं न करता मी मित्राला घेऊन एसटीत बसलो.

केंद्राचा मालक गिऱ्हाइकांत बुडालेला. आम्ही प्रिंटचं बघायला आलोय एवढंच मी त्याला सांगितलं.

"हे कुठनं घेतलासा?" मित्रानं त्याला विचारलं.

"नेटवर गावलं, घेतलं. ह्यात अक्षर ठसठशीत दिसतंय. म्हातारी माणसं आपलं नाव सोता बघत्यात." त्यानं ब्राउझर उघडला.

मित्रानं माझा दंड सोडला, टेबल चाचपत पुढं झाला आणि पडद्यावर सबंध तळवा ठेवला. तिथून हात मधल्या चौकटीवर आला, चौकटीच्या डाव्या कडेनं खाली उतरला. पिवळी रेघ तिथंच होती.

"पावणं, काचंला हात लावू नगासा. डाग पडत्यात."

मी पुढं होऊन 'अहो' एवढंच म्हटलं, तोच मित्रानं चाचपून माझं मनगट दाबलं. मग शर्टाचं टोक ओढून त्यानं काच पुसली, सावकाश, वरच्या कोपऱ्यापासून खालपर्यंत.

"गेला काय डाग?"

"गेला," मी म्हटलं.

मालकानं खुर्ची पुढं सरकवली. मी बसलो. मित्र मागं उभा राहिला, माझ्या खांद्यावर हात ठेवून.

"प्रिंटचं मागनं बघ," तो हळूच म्हणाला. "आदी काय काय दिसतंय ते सांग मला. वरनं सुरू कर."