साडूंची पहिली हरकत

गोदावरीपासून मांजरेपर्यंत जेवढी माणसं सध्या श्वास घेऊन राहिली आहेत, त्यांत आयुष्यात एकदाही हरकत न घेता साठी ओलांडलेला माणूस एकच, आणि तो माझा साडू आहे. माझ्या बायकोची थोरली बहीण, म्हणजे अक्का, त्यांचे हे यजमान. नांदेडहून लातूरला जाताना अहमदपूरच्या अलीकडं एक फाटा फुटतो, तिथून आत माळाच्या पोटाशी वीस-बावीस घरांची वस्ती आहे, त्यातलं शेवटचं घर त्यांचं. साडूंचं सगळं बोलणं एकाच वाक्यावर उभं: "काही हरकत न्हाई." नमस्कार करा, हेच. पाय तुडवा, हेच. बोहल्यावर भटजींनी 'सावधान' म्हटलं तेव्हाही नवरदेवानं हेच उत्तर दिल्याचं मी ऐकून आहे. अक्का ते साफ नाकारतात, पण नाकारताना हसतात.

अशा माणसानं तीस वर्षं एस.टी.त कंडक्टरकी केली. बिलोलीच्या गाडीत एकदा एक जण म्हणाला, "मास्तर, हितंच माझी सासुरवाडी हाय, घोटभर चहा घेऊन येऊ का?" साडू म्हणाले, "काही हरकत न्हाई." मग एकट्यानं कसं जायचं म्हणून अख्खी गाडी उतरली, पन्नास माणसं त्या सासुरवाडीला चहा प्याली आणि ड्रायव्हर आपल्या भाच्यासाठी तिथलीच मुलगी पाहून आला. हदगावच्या बाजाराच्या दिवशी एका म्हातारीच्या शेळीनं तिकिटांची गड्डी खाल्ली, तेव्हा वरच्यांनी जाब विचारला. साडू म्हणाले, "साहेब, तिचं अर्धं तिकीट काढलेलं होतं."

या वाक्याचा फायदा सगळ्या जगानं घेतला, मग मी का मागं राहू? आमच्याकडं येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, आली की गावं ओस पडतात. सगळे शेतात जेवायला जातात, आंबील पितात, भज्जी, म्हणजे मिसळभाजी, अन् भाकरी खातात. दरवर्षी आठ दिवस आधी साडूंचा फोन यायचा, "पाव्हणं, येताव ना?" आणि दरवर्षी मी नवी थाप शोधायचो. कधी ऑफिसात तपासणी, कधी गुडघा. एका साली तर जिवंत चुलत्याचं वर्षश्राद्ध घातलं. पलीकडून ठरलेलं उत्तर यायचं, "काही हरकत न्हाई." फोन ठेवून मी निवांत टीव्ही लावायचो.

आणि मग त्या माळावर पवनचक्क्या यायचं ठरलं. दहा माळावर, पण एक नेमकी वस्तीच्या मागच्या गायरानात. साडूंनी पावलं टाकून मोजलं. अक्कांच्या अंगणापासून एकशे साठ पावलं. चालू चक्की कशी असते ते बघायला आम्ही तिघं दुसऱ्या एका गावी गेलो. ते पातं म्हणजे काय सांगू, एक टोक लोह्यात अन् दुसरं अहमदपुरात! पण खरी गंमत पात्याची नव्हे, सावलीची. ऊन तिरपं झालं तशी ती सावली अख्ख्या घरांवरून फिरायला लागली. उजेड-अंधार, उजेड-अंधार, जसं कुणी सूर्याच्या बटणाशी खेळून राहिलं आहे. अक्कांना अर्धशिशी. घरातली ट्यूबलाइट लुकलुकली तरी त्या दोन दिवस डोक्याला फडकं बांधून अंधाऱ्या खोलीत पडणाऱ्या. तिथं पाचच मिनिटांत त्यांनी डोळ्यांवर पदर घेतला.

"हे रोज माझ्या अंगणात येणार असलं तर मी चालले पुण्याला, पोराकडं," अक्का म्हणाल्या.

"आन् मी?" साडू म्हणाले.

"तुमची कशाला काय हरकत असती?"

परतताना फाट्यावर उतरल्यावर साडू म्हणाले, "पाव्हणं, हरकत कशी लिहितेत?"

मी अकरा मुद्द्यांचा कागद लिहून दिला. अशी भाषा की उच्च न्यायालयानं उभं राहून ऐकावी! वस्तीनं साडूंनाच बोलायला नेमलं, कारण तीस वर्षं गर्दीत ओरडायची सवय त्यांनाच होती. ग्रामसभेत साडू इस्त्रीचे कपडे घालून, कागद हातात धरून उठले. तेवढ्यात कंपनीचा माणूस गोड हसून म्हणाला, "काका, तुमचं सगळं ऐकू. त्याआधी मी दोन मिनिटं माहिती देऊ का?"

"काही हरकत न्हाई," साडू म्हणाले.

ग्रामसेवकानं मान खाली घालून ते जसंच्या तसं लिहून घेतलं. माहिती दोन मिनिटांची दीड तास चालली, माणसं उठून गेली, सभा संपली. अकरा मुद्दे साडूंच्या मुठीत घामानं भिजून गेले. कागदावर मात्र राहिलं: वस्तीच्या वतीने विचारणा केली असता, काही हरकत नाही.

शेजारी शिवणकाम करणारे एक चाचा राहतात. त्यांचं आणि साडूंचं चाळीस वर्षांचं रोजचं भांडण आहे, म्हणजे भांडतात चाचा एकटेच. ते मशीन सोडून ओट्यावर आले. "क्या भाई! दो लफ्जां में पूरी वस्ती दे डाले? मेरी बकरी तुमची टोपी खाई तब भी येच बोले थे!"

आत अक्का ट्रंकेत लुगडी भरत होत्या. ट्रंकेचं झाकण वाजलं की साडूंचा खांदा हलायचा.

तालुक्याला अर्ज दिला. समक्ष जागा पाहायला साहेब येणार असं कळलं आणि त्या दिवसापासून चाचांनी साडूंची शाळा घेतली. सकाळी दात घासतानाच विचारायचे, "भाई, चाय पीऊ का?" "हरकत हाय!" "तुमच्या ओट्यावर बसू का?" "हरकत हाय!" दहा दिवसांत माणूस असा तयार झाला की शाळेसाठी इथंच राहणारा लेकीचा मुलगा म्हणाला, "आबा, शाळेला जाऊ?" तरी "हरकत हाय!" नातू आनंदानं खेळायला पळाला.

साहेब आले ते चारच्या सुमाराला, कंपनीच्या माणसाला बरोबर घेऊन. मी मुद्दाम नांदेडहून गेलो होतो. साहेब माणूस सभ्य. म्हणाले, "इथं खुर्चीवर बसू का?"

"हरकत हाय!" साडू गरजले.

साहेब अर्धे वाकलेले तसेच थांबले. "बरं... पाणी मिळेल थोडं?"

"हरकत हाय!"

अक्कांनी आतून पाणी आणलं, खुर्ची पुढं सरकवली आणि नवऱ्याकडं असं बघितलं की मीच दोन पावलं मागं सरलो. साहेबांनी फाईल उघडली. "काका, इथं तर तुमचीच संमती लिहिलेली आहे. हे मी कसं..." आणि ते डोळे चोळायला लागले. फाईलवरून काहीतरी काळं सरकत होतं. उजेड-अंधार, उजेड-अंधार. त्यांनी खुर्ची वळवली, तरी तेच. एक ओळ त्यांनी तीनदा वाचली, चष्मा काढून पुसला, मग कपाळ दाबून धरलं. शेवटी वर पाहिलं, तर माळवदावर, ऐन सूर्याच्या तोंडाला, साडूंनी कूलरचा पंखा काढून बांबूला बांधला होता आणि चाचा तो हातानं सावकाश, अगदी मन लावून फिरवून राहिले होते.

"अहो, बंद करा तो पंखा!" साहेब ओरडले.

"हरकत हाय," साडू म्हणाले. या खेपेला मात्र आवाज एकदम खाली आला होता. "साहेब, तुमाला पाच मिन्टं झाली. हिला रोज दोन तास व्हनार हाय. विजेला माझी हरकत न्हाई, वाऱ्याला न्हाई. चक्क्या लावा, पायजे तेवढ्या लावा. ह्या सावलीला हाय. जलमात एकच घेऊन राहिलो, तेवढी लिहून घ्या."

अक्का चौकटीला धरून उभ्या होत्या. साहेबांनी नकाशा मागवला, कंपनीच्या माणसाला बाजूला घेतलं, बोटं इकडून तिकडं फिरली. मग वळून म्हणाले, "गायरानातली जागा रद्द करायला मी लिहितो. माळाच्या पलीकडच्या उताराला नेली तर? तिथून सावली इथपर्यंत पोचणार नाही."

साडूंनी तोंड उघडलं आणि मिटलं. दहा दिवसांची शाळा एकीकडं, साठ वर्षांची सवय दुसरीकडं. घामाची धार कानामागून उतरली. त्यांनी अक्कांकडं पाहिलं. अक्कांनी मान हलवली.

"काही... हरकत न्हाई."

वरून चाचा पंखा सोडून ओरडले, "लिखो साब! अब लिख लो!"

आणि साहेबांनी लिहिलं. त्या संध्याकाळी अक्कांनी ट्रंक पुन्हा उपसली, लुगडी घडवंचीवर आली आणि वस्तीतल्या एकूण एक माणसानं एकाच वेळी सोडलेल्या सुस्काऱ्यावर ती पलीकडची चक्की महिनाभर फिरली असती, असं माझं मत आहे.

सांगायचं राहिलं ते यंदाच्या येळवशीचं. फोन आला. मी सवयीनं सुरुवात केली, "साडूभाऊ, यंदा जरा पाठ..." आणि पलीकडच्या ठरलेल्या वाक्याची वाट पाहत टीव्हीच्या रिमोटकडं हात नेला. वाक्य येईना. मला वाटलं, फोन कटला.

"हरकत हाय," साडू म्हणाले.

मी गेलो. नांदेडहून पहिल्या गाडीनं गेलो. कडब्याच्या खोपटापाशी, म्हणजे कोपीपाशी, बसून आंबील प्यालो. अक्का डोकं उघडं टाकून उन्हात भाकरी वाढत होत्या. लांब माळाच्या पलीकडं पाती फिरत होती, बोटभर दिसत होती, आणि आमच्या अंगावर सावली होती ती फक्त कोपीची. साडू माझ्या गाडग्यात आंबील ओतत होते, तेव्हा मी हळूच विचारलं, "मागं मी येत नव्हतो, तवाबी हरकत होती का हो?"

त्यांनी गाडगं काठोकाठ भरलं, माझ्याकडं न बघता.

"दरसाली होती, पाव्हणं."